पद्मिनीचा पत्रा

मोटारीचा पत्रा आतून गंजतो. बाहेरच्या अंगाला रंग असतो, रंगाखाली प्रायमर असतो, शिवाय घरातलं कुणीतरी सणासुदीला तिच्यावरून ओला फडका फिरवत असतं. आतल्या अंगाची अशी काळजी कुणी घेत नाही. दाराच्या पोकळीत, मडगार्डच्या वळचणीला, डिकीच्या कोपऱ्यात, दाराखालच्या पेटीत पाणी शिरतं, मातीचा लगदा धरून बसतं आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही की पत्रा खायला लागतं. बाहेर रंगाला फोड आलेला दिसतो, तोवर आतलं काम बहुतेक उरकलेलं असतं.

पालीत हे फार लवकर कळतं. राजगडाच्या पायथ्याचं हे गाव. गडावर जायची सोपी, रुंद पायऱ्यांची वाट इथूनच निघते आणि पाली दरवाज्यातून वर पोचते. पुण्याहून यायचं तर चेलाडी फाट्याला महामार्ग सोडायचा आणि नसरापूर, मार्गासनी, विंझर करत यायचं. नाहीतर खडकवासल्याच्या अंगानं येऊन पाबे घाट उतरायचा. पाऊस नीट लागला की गड दिवसचे दिवस दिसत नाही. आषाढात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, बरणीतलं मीठ पाझरतं, काडेपेटी चुलीशेजारी ठेवावी लागते, कोयत्याला रात्रीतून तांबूस लव येते. अशा हवेत गोठ्यालगतच्या पडवीत आमची प्रीमियर पद्मिनी कित्येक पावसाळे उभी होती. वरून कौलं, तीन बाजूंना कुडाची भिंत, खाली शेणानं सारवलेली जमीन. पावसाचा थेंब तिच्यावर पडत नव्हता आणि तरीही ती गंजत होती, कारण ओल जमिनीतून वर येत होती, गोठ्याकडून आडवी येत होती आणि टपाच्या थंड पत्र्यावर पहाटे दव होऊन आतल्या बाजूला उतरत होती.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी मुंबईत उमेदीची सगळी वर्षं टॅक्सी चालवली. गावी परतायचं ठरलं तेव्हा त्यांनी स्वतःसाठी गाडी घेतली ती त्याच जातीची, फक्त खासगी, फिकट निळ्या रंगाची. जिच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली हाताला सापडतो, जिच्या प्रत्येक खुळखुळाटाचं कारण आपल्याला माहीत आहे, ती सोडून दुसरी कशाला, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

या गाडीचं कुळ सांगण्यासारखं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. याच माणसानं बंगळूरला विमानांचा कारखाना उभा करण्यात पुढाकार घेतला, विशाखापट्टणमला जहाजबांधणी सुरू केली आणि आपल्या पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवलं. प्रीमियरचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. आधी तिथे अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. पन्नाशीच्या दशकातल्या फुगीर नाकाच्या ११०० गाडीला आपल्या लोकांनी डुक्कर फियाट म्हणून टाकलं आणि ते नाव आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, मागच्या मडगार्डांना बारीक पंख फुटलेली. तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २००१ पर्यंत बनत राहिली. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. या एवढ्या बळावर अर्ध्या मुंबईनं घर ते रुग्णालय, घर ते स्टेशन, घर ते लग्नाचा हॉल असा प्रवास केला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी अण्णा दूरदर्शनसमोर बसून होते आणि बातमी संपल्यावर उठून पडवीत गेले. गाडीचं काम करायचं हे मी त्या संध्याकाळी मनाशी ठरवलं.

माझी नोकरी भोसरीत, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये झाली. पत्रा वाकतो कसा, ताणला की कुठे पातळ होतो, हे हाताला माहीत होतं. पण नवा, तेल लावलेला, सपाट पत्रा दाबून त्याचं दार करणं वेगळं आणि चाळीस वर्षांच्या दारातला कुजलेला भाग काढून उरलेल्याला धक्का न लावता नवा बसवणं वेगळं. पहिल्यात यंत्राचं बळ चालतं. दुसऱ्यात आधी पाहावं लागतं, ऐकावं लागतं, आणि पुष्कळ वेळ काहीही न करता गाडीशेजारी उकिडवं बसावं लागतं.

पाहायचं कसं? जुन्या स्पीकरचा चुंबक घ्यायचा, रंगावर ओरखडा उठू नये म्हणून त्याला सुती कापडात गुंडाळायचं आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवायचा. पत्रा शाबूत असेल तिथे तो धरतो. जिथे लांबी भरलेली असते, म्हणजे रंगाखालची ती राखाडी पुट्टी, तिथे तो सुटतो. मग पेचकसाच्या मुठीनं टकटक करायची. चांगला पत्रा खणखणतो; कुजलेला बद्द बोलतो, आणि पेचकस उलटा धरून टोक टेकवलं की ते आत जातं. उजव्या बाजूला, पुढच्या दाराखाली चुंबक हातभर अंतरात कुठेच धरेना. तिथली लांबी छिन्नीनं उडवली तेव्हा खाली कुठल्याशा गॅरेजात कधीकाळी केलेलं काम निघालं: भोकावर गोणपाटाचा तुकडा, त्यावर बोटभर जाड लांबी, त्यावर डांबर, त्यावर रंग. गोणपाट अजून ओलं होतं. ज्या गोष्टीनं पाणी बाहेर ठेवायचं, तिनंच ते इतकी वर्षं पोटात धरून ठेवलं होतं.

लांबीबद्दल माझं मत पक्कं आहे. ती वाईट वस्तू नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर नखाच्या जाडीइतका हात मारायला ती हवीच. पण भोक बुजवायला लांबी वापरणं म्हणजे गाडीच्या मालकाला फसवणं आहे, आणि मागाहून त्या गाडीत बसणाऱ्या लेकराबाळांचाही तो घात आहे.

कारण पद्मिनीला वेगळी चासी नाही. जीपला, ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो. वरची बॉडी सगळी काढली तरी ती चाकांवर उभी राहते. पद्मिनीत पत्रा हाच सांगाडा. जमीन, टप, खांब आणि दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या, सगळं मिळून भार उचलतं. दाराखालची पेटी कुजली की गाडी मधून किंचित वाकते. मग दार उचलून लावावं लागतं. लोक बिजागरी झिजली म्हणतात, पण पुष्कळदा बिजागरी ठीक असते आणि गाडीची कंबर खचलेली असते.

नसरापूरला एक वयस्कर मिस्त्री आहेत. डेंटिंगचं काम त्यांनी आता सोडलं, पण हातोड्या आणि डोल्या अजून तेल लावून फळीवर मांडलेल्या असतात. डोली म्हणजे पत्र्याच्या मागून धरायचा पोलादी ठोकळा. समोरून हातोडी, मागून डोली, आणि मधे पत्रा हळूहळू शुद्धीवर येतो. मी त्यांना गाडी दाखवायला घेऊन आलो. त्यांनी आधी दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"दादा, पेटी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत पाइप लावा."

"आडवा?"

"आडवा बी आन् तिरपा बी. दार बसवून, फट बघून, मंग टाका मारा पाइपाला. न्हाय तर पेटी काढल्यावर गाडी खाली बसंल आन् तुम्ही खाली बसल्यालीच वेल्ड करून टाकाल. मंग ते दार जल्मात लागायचं न्हाय."

या एका सल्ल्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. आम्ही गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेतली, खालून जॅकनं केसभर उचलत दाराच्या फटी वरखाली सारख्या होईतो थांबलो, आणि मग खांबापासून खांबापर्यंत पाइप टाचला. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या पार पलीकडे ठेवली, आतलं अस्तर नि सतरंजी उचलली. मग ग्राइंडर लावला.

कापायचं कुठवर, हा या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न. डोळ्याला दिसतं तेवढं कापून भागत नाही, आणि भीतीपोटी सगळंच कापलं तर जुनी गाडी उरत नाही. याचं उत्तर मला केंब्रिजच्या युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञाच्या एका प्रयोगानं दिलं. १९२० च्या दशकात त्यांनी लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि पाहत राहिले. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे हवेतला प्राणवायू सहज पोचतो. मधोमध पाणी खोल, तिथे तो कमी पोचतो. लोखंड विरघळलं ते मधे, जिथे प्राणवायू कमी होता तिथे. गंजाचं कडं जमलं ते त्याच्या बाहेर. म्हणजे एकाच थेंबाखाली बारीकशी विजेची बॅटरी तयार होते, आणि झीज एका जागी होते नि तिचा तांबडा पुरावा दुसऱ्या जागी दिसतो.

हे समजल्यावर गाडीतला गंज वाचता येतो. दोन पत्रे एकमेकांवर चढवून जिथे स्पॉट वेल्ड केलेले असतात, त्या सांध्याच्या आत पाणी शिरतं पण हवा पुरती शिरत नाही. झीज तिथे होते आणि तांबडी रेघ सांध्याच्या बाहेर ओघळते. चिखलाच्या गोळ्याखालीही तेच. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून सांध्यातले पत्रे एकमेकांपासून फाकतात, स्पॉट वेल्ड उखडतात आणि आणखी पाण्याला जागा होते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चिकटून बसतो आणि खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र, पापुद्र्यापापुद्र्यानं सुटणारा, ओल धरणारा. तो राखत नाही, पुढच्या गंजाला वाट करून देतो. म्हणून आम्ही तांबड्या डागाच्या मागे न जाता सांधे उघडले. स्पॉट वेल्डच्या प्रत्येक टिपक्यावर ड्रिल लावून वरचा पत्रा सोडवला आणि चकचकीत, खणखणीत धातू लागेपर्यंत कापत गेलो.

पेटीच्या आत काय होतं? खालच्या बाजूला कारखान्यानंच ठेवलेली पाणी जायची बारीक भोकं होती. ती सगळी बुजलेली. मातीचा वाळून दगड झालेला थर, त्यात भाताचं तूस, पानांचा चुरा आणि मुंबईच्या रस्त्यांचं काळं तेलकट डांबर. आतून पेटीची वरची अर्धी उंची जवळजवळ कोरी होती, कारखान्यातला रंगसुद्धा जागोजागी शिल्लक. चिखलाच्या रेषेपासून खाली मात्र पत्र्याची चाळण. ती रेषा इतकी सरळ होती की पट्टी लावून आखल्यासारखी वाटावी. अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले होते, त्यांनी ती रेषा बोटानं अखेरपर्यंत चाचपली आणि म्हणाले, "पाण्याला जायला जागा न्हाय ठेवली आपण."

जागा ठेवण्याचं हे शहाणपण गावाला नवं नाही. वळवाचा पाऊस यायच्या आधी इथे कौलारू घराची शाकारणी होते: कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील असं पाहायचं. पाऊस अडवता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तो घरात न मुरता अंगणातून ओढ्याला लागावा एवढीच खटपट. वर गडावरही हेच आहे. हवं ते पाणी टाक्यांत, तळ्यांत धरलं आणि नको ते उतारानं सोडून दिलं, म्हणून ते दगड साडेतीनशे वर्षं उभे राहिले. गाडीची शाकारणी मात्र कुणी करत नाही. तिची भोकं कुठे आहेत हेसुद्धा बहुतेक मालकांना ठाऊक नसतं.

नवा पत्रा पुण्यातून भवानी पेठेतून आणला, साधा सीआर (कोल्ड रोल्ड), वीस गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. दुकानदार जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा घ्या म्हणत होता, गंजत नाही म्हणून. पण जीआयवर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. घरातल्या पडवीत तो धूर नकोच. शिवाय टाक्याच्या जागेचं जस्त जळूनच जातं.

काही भाग मात्र सपाट पत्र्यातून होण्यासारखे नव्हते. मागच्या चाकावरची कमान दोन दिशांनी वळलेली असते. ती घरी ठोकून काढायला कसबी हात आणि लाकडी साचे हवेत. त्यासाठी कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडच्या भंगार बाजारात मोडीत काढलेल्या टॅक्सीचा मागचा कोपरा मिळाला, चांगल्या हालतीत. ज्या कुर्ल्यात हा पत्रा पहिल्यांदा दाबला गेला, तिथूनच तो परत उचलताना मला खरोखर भरून आलं. घरी आणून त्यावरचा रंग थिनरनं उतरवला तेव्हा काळ्याखाली पुन्हा काळा, त्याखाली पुन्हा काळा असे थर निघाले, दर फिटनेस पासिंगच्या आधी मारलेले. एकेक थर म्हणजे कुणा चालकानं त्या महिन्याच्या कमाईतून बाजूला काढलेले पैसे. अण्णांच्या निळ्या गाडीत आता एका टॅक्सीची कमान आहे, आणि आतल्या अंगाला बोटभर काळा रंग मी मुद्दाम ठेवला आहे.

पेटीचा भाग घरीच केला. पुठ्ठ्याचा साचा कापून जागेवर बसवून पाहायचा, कडा छाटायच्या, तो नीट बसला की पत्र्यावर आखायचा. वाकवायला लोखंडी अँगलचे दोन तुकडे, मधे पत्रा, दोन्हीकडे शिकंजे, आणि लाकडी मोगरी. हातोडीचा लोखंडी घाव पत्रा ताणतो आणि मग घडीला लाटा येतात. मोगरीनं शेवटापासून शेवटापर्यंत थोडं थोडं वाकवत नेलं की घडी स्वच्छ येते. वेल्डिंगला सीओटूचं छोटं मशीन आणलं. गडावरून दुपारी जो वारा सुटतो, तो टाक्याभोवतीचा गॅस उडवून नेतो आणि टाक्यात बुडबुडे राहतात, म्हणून पडवीला गोधड्या बांधून आडोसा केला, आणि बहुतेक काम सकाळी.

पातळ पत्र्यावर सलग वेल्ड ओढता येत नाही. उष्णतेनं पत्रा फुगतो, थंड होताना आवळतो आणि वाकडातिकडा होऊन बसतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा दोहोंच्या मधे. प्रत्येक टाका हाताला सोसवेल इतका निवू द्यायचा आणि मग पुढचा. मदतीला असलेल्या पुतण्याला याचा फार कंटाळा यायचा. पण त्यानंच पुढे एका जागी पत्रा फुगला तेव्हा मिस्त्रींनी शिकवलेला उपाय फार सुबक केला. फुगवट्याच्या माथ्यावर नाण्याएवढी जागा गॅसच्या ज्योतीनं लाल करायची, मागून डोली धरून भोवतीनं हलके घाव घालायचे, आणि लाली उतरता उतरता ओल्या फडक्यानं दाबायचं. चर्र आवाज होतो, वाफ उठते, आणि पत्रा डोळ्यांदेखत आवळून सपाट होतो. ताणलेलं लोखंड असं परत आपल्या मापात येताना पाहण्यातला आनंद सांगून समजायचा नाही. तो हातानंच घ्यावा लागतो. त्या रात्री पुतण्या जेवताना सारखा डाव्या हाताच्या तळव्यावरून उजवा हात फिरवत होता.

सगळा गंज कापून काढावा असं नसतं. जिथे पत्रा जाड आहे, वर नुसती तांबडी बुरशी बसली आहे, तिथे तारेच्या ब्रशनं सुटे पापुद्रे काढले की पुरे. मग जो घट्ट बसलेला तांबूस थर राहतो त्याच्यावर हिरडा. वेल्हे-भोरच्या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. वाळलेल्या फळात साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं कमावतात ते याच टॅनिनमुळे. कलमकारीचे रंगारी हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर गंजक्या लोखंडाचं पाणी लावून काळा रंग उठवतात. तीच क्रिया पत्र्यावर होते: टॅनिन गंजातल्या लोखंडाला धरतं आणि निळसर काळं, स्थिर असं टॅनेट तयार होतं. बाजारात मिळणाऱ्या गंज-परिवर्तक द्रावणांत बऱ्याचदा हेच टॅनिक आम्ल असतं, आणि जुन्या लोखंडी वस्तूंच्या जतनासाठीही ते वापरतात. आम्ही हिरडा कुटला, उकळला, गाळला आणि ब्रशनं दोन हात दिले. सकाळी तांबडी असलेली डिकीची जमीन संध्याकाळी काळीभोर झाली. आईनं आयुष्यभर खोकल्याला हिरडा उगाळला होता. तिनं ते काळं अंग पाहून बोट लावलं आणि हे असं होतं हे मला कधीच कसं ठाऊक नव्हतं म्हणून माझ्याकडेच पाहिलं. जिथे पुढे वेल्ड करायचं आहे तिथे मात्र हे लावायचं नाही, आणि पापुद्रे सुटत असतील तिथे याचा काडीचा उपयोग नाही.

बिजागऱ्या, बिल्ले, नटबोल्ट अशा बारक्या जिनसांना दुसरी सोय. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार भंगारातल्या साध्या लोखंडाच्या पट्टीला. रात्रभरात गंज सुटून तळाशी बसतो आणि चांगल्या धातूला ओरखडाही जात नाही. टब उघड्यावर ठेवायचा, कारण हायड्रोजन सुटतो. आणि स्टेनलेसची पट्टी धन तारेला कधी लावायची नाही, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं.

रंगाची घाई केली नाही. जुना डुको, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, ओल्या हवेत मारला की त्यातलं थिनर भरभर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. इथे तो दिवाळी ते होळी या दिवसांतच मारावा. आधी प्रायमर, मग लांबीचा अगदी पातळ हात, मग पाण्यात भिजवलेला पेपर. सपाटी डोळ्यानं कळत नाही, तळहातानं कळते; हात आणि पत्रा यांच्यामध्ये मऊ फडका ठेवला की आणखी नीट कळते.

मला कधीकधी विचारतात की इतकं करून काय मिळवणार. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या पाटीवर व्हीए अशी अक्षरं येतात, आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही. आमची अजून तेवढी जुनी नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना गर्दी होते, आणि व्हावीच. पण राजाची गाडी राखायला लोक असतात. टॅक्सीवाल्याच्या गाडीला तिच्या घरचेच हात. ज्या गाडीनं एका कुटुंबाची फी भरली, औषधं आणली, बहिणीचं लग्न लावून दिलं, ती मोडीत काढताना तिचं वजन करून पैसे देतात; त्या हिशोबात हे काहीच येत नाही. मला ती चालती हवी आहे, नसरापूरच्या बाजाराला अण्णांना घेऊन जाणारी. बनेश्वराच्या झाडीत सावलीला उभी राहणारी.

पेटी बंद करण्याआधी आतून प्रायमर दिला, आणि बाहेरचा रंग झाल्यावर मेण, तेल आणि टर्पेंटाइन यांचं पातळ मिश्रण पोकळीत फवारलं. ते सांध्यासांध्यात शिरून बसतं. त्यानंतर त्या भागाजवळ वेल्डिंगचं नाव काढायचं नाही, आग लागते. पाण्याची भोकं कारखान्यानं जिथे ठेवली होती तिथेच ठेवली, फक्त करंगळीएवढी मोठी केली. आता वळवाच्या आधी घरावर कौलं चाळायला माणूस चढला की खाली पुतण्या तारेचा तुकडा घेऊन गाडीखाली सरकतो आणि एकेक भोक मोकळं करतो. दारांची भोकं, पेटीची भोकं, डिकीच्या कोपऱ्यातली. मग एक तांब्या पाणी काचेच्या बाहेरच्या रबराशी ओततो आणि ते दाराच्या खालून बाहेर पडेपर्यंत वाकून पाहतो. गाडीही आता गोठ्याच्या बाजूला नसते. पूर्वेच्या मोकळ्या अंगाला, दगडी जोत्यावर, चारही बाजूंनी वारा लागेल अशी उभी असते. मेणकापडाचं आच्छादन काढून टाकलं, कारण ते पाऊस थांबवतं आणि आतली ओल कोंडतं.

डाव्या बाजूची पेटी अजून उघडायची आहे. चुंबक तिथे पुढे धरतो, मधे सुटतो आणि मागच्या चाकाजवळ पुन्हा धरतो, म्हणजे मधल्या भागातच काय ते आहे. पत्रा आणून तेल लावून माळ्यावर ठेवला आहे. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की सुरुवात. पुतण्या म्हणतो, काका, या खेपेला टाके मी मारणार. अण्णांची हरकत नाही. त्यांनी फक्त आठवण करून दिली आहे की ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी दार लावायचं, फट बघायची, आणि पाइप टाचायचा.